हसरा गद्दार

बर्ट लँकेस्टर हसला, आणि मी ‘व्हेरा क्रूझ’च्या प्रेमात पडलो. काळे कपडे, चमकणारे दात आणि भरवसा शून्य! रॉबर्ट ऑल्ड्रिचचा हा वेस्टर्न १९५४चा. गोष्ट मात्र १८६६च्या मेक्सिकोतली. एकीकडे बादशहा मॅक्सिमिलियन, दुसरीकडे हुआरेझचे लढवय्ये. मधे आपले भाडोत्री अमेरिकन बंदूकबाज. जो जास्त पैसे देईल त्याचे! गॅरी कूपरचा बेन म्हणजे यादवी युद्धात सगळं गमावलेला दक्षिणेतला जमीनदार. लँकेस्टरचा जो म्हणजे चोवीस कॅरेट बदमाश. काउंटेसच्या बग्गीत तीस लाख डॉलरचं सोनं निघतं आणि मग कोण कुणाचा, विचारूच नका. खुद्द काउंटेससुद्धा सगळ्यांना टांग मारायच्या तयारीत!

पण या जोला आयुष्यात पहिल्यांदाच एक दोस्त मिळालाय, बेन. आणि नेमका बेनच बदलतो. सोनं हुआरेझच्या माणसांचं, असं त्याला वाटू लागतं. शेवटी दोघं समोरासमोर. गोळ्या सुटतात. जो हसत हसत पिस्तूल गर्रकन फिरवून कमरेला खोचतो. वाटतं, जिंकला. मग कोसळतो.

बेनचंच बरोबर, मान्य. तरी दर वेळी वाटतं, आज जो वाचावा यार!