ब्लॉकचेन प्रशिक्षणातील चाचणी-टोकन फॉसेट : स्वरूप व उभारणी

प्रस्तावना :
इथेरियम व तत्सम ब्लॉकचेनवरील प्रत्येक व्यवहारास ‘गॅस’ नावाचे शुल्क पडते. शिकाऊ विद्यार्थ्याने फसलेल्या प्रत्येक प्रयोगासाठी खरे पैसे मोजावेत, ही अपेक्षा गैर आहे. म्हणून मुख्य जाळ्याच्याच नियमांनी चालणारी चाचणी-जाळी उपलब्ध असतात. तेथील टोकनांना बाजारमूल्य नसावे, असा संकेत आहे. ही टोकने मोफत वाटणारी व्यवस्था म्हणजे ‘फॉसेट’, अर्थात नळ. निलंग्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी संगणकशास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकांसाठी तिचे स्वरूप स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी :
२०१० मध्ये गॅव्हिन अँड्रेसन यांनी पहिले बिटकॉइन फॉसेट सुरू केले. त्यातून प्रत्येकी ५ बिटकॉइन मिळत. महाराष्ट्राशी या विषयाचा थेट संबंध आहे. २०१७ मध्ये मुंबईत जयंती कनानी, संदीप नेलवाल व अनुराग अर्जुन यांनी मॅटिक प्रकल्प आरंभिला. २०२१ मध्ये त्याचे ‘पॉलिगॉन’ असे नामांतर झाले. त्याच्या चाचणी-जाळ्याचे नावच ‘मुंबई’ होते. ते ‘गोर्ली’ या इथेरियम चाचणी-जाळ्यावर आधारलेले होते. गोर्लीची टोकने दुर्मीळ झाल्यामुळे २०२३ मध्ये त्यांची विक्री सुरू झाली आणि मूळ संकेतच मोडला. पुढे गोर्ली मागे पडले, एप्रिल २०२४ मध्ये ‘मुंबई’ही बंद झाले व ‘अमॉय’ त्याच्या जागी आले. परिणामी, जुन्या प्रात्यक्षिक पुस्तिकांतील पत्ते निरुपयोगी ठरले.

ग्रामीण महाविद्यालयांची अडचण :
अनेक सार्वजनिक फॉसेट एका इंटरनेट पत्त्यास दिवसातून एकदाच टोकने देतात. प्रयोगशाळेतील सर्व संगणक बहुधा एकाच बाह्य पत्त्यावरून जोडलेले असल्याने पहिल्या विद्यार्थ्यानंतर इतरांना नकार मिळतो. काही फॉसेट मुख्य जाळ्यावर खरी शिल्लक असण्याची अट घालतात. ती विद्यार्थ्यांवर आर्थिक भार टाकणारी आहे.

उभारणी :
यावर उपाय म्हणजे महाविद्यालयाचे स्वतःचे फॉसेट. प्रथम स्वतंत्र पाकीट निर्माण करावे. त्याची खाजगी किल्ली खऱ्या टोकनांसाठी कधीही वापरू नये व आज्ञावलीत लिहू नये. वाटप हजेरी क्रमांकानुसार करावे. एकाच वेळी आलेल्या विनंत्यांना समान व्यवहार-क्रमांक मिळाल्यास त्यांपैकी एकच टिकते. म्हणून त्या रांगेने पाठवाव्यात.

वाटपाचे प्रमाण गणिताने ठरवावे. टोकनाचा अब्जावा भाग म्हणजे १ ग्वेई. गॅसचा दर २० ग्वेई धरल्यास २१,००० गॅसच्या साध्या हस्तांतरास ०.०००४२, तर १० लाख गॅसच्या करारास ०.०२ टोकन लागते. म्हणजेच ०.१ टोकनात ४ करार व सुमारे ४७ हस्तांतरे होतात. ६० विद्यार्थी व २० प्रात्यक्षिके धरता १२० टोकने पुरतात.

इतका साठा बाहेरून मिळणे कठीण असल्यास प्रयोगशाळेतच खाजगी जाळे उभारावे. त्याच्या आरंभ-नोंदीत फॉसेटच्या पत्त्यावर हवी तितकी टोकने नमूद करता येतात. इंटरनेट खंडित झाले तरी असे जाळे चालते; मात्र तेथील काम बाहेरच्या व्यक्तीस पडताळता येत नाही.

समारोप :
प्रारंभीचे प्रयोग खाजगी जाळ्यावर व अंतिम प्रकल्प सार्वजनिक चाचणी-जाळ्यावर, अशी विभागणी हितावह ठरते. तीमुळे बाहेरून मिळणारी मोजकी टोकने खऱ्या गरजेपुरती राखली जातात आणि विद्यार्थ्याचे शिक्षण त्याच्या खिशावर अवलंबून राहत नाही.