सॅलडच्या पानातही रबर!

लेट्युसचा दांडा मोडला की पांढरा चीक येतो. त्या चिकात रबर असतं, आणि तेही चांगल्या लांब रेणूंचं! फणस, वड, रुई यांच्या चिकातही ते सापडतं. रबर बनवणाऱ्या वनस्पतींच्या सुमारे अडीच हजार जाती माहीत आहेत. जगाच्या टायरांतलं नैसर्गिक रबर मात्र मुख्यतः एकाच झाडाचं: ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं हेविआ.

त्याहून मोठी गंमत म्हणजे रबराचा कच्चा माल आपल्याही अंगात आहे. आयपीपी नावाचा पाच कार्बनचा हा रेणू. आपलं कोलेस्टेरॉल यातूनच बनतं. या वाटेवर एचएमजी-सीओए रिडक्टेज हे एन्झाइम ठाण मांडून बसलेलं असतं. स्टॅटिनच्या गोळ्या आपल्या शरीरात अडवतात ते हेच, आणि हेविआच्या चिकाची वाटही त्याच्याच भावंडांवरून जाते.

पुढे आयपीपीच्या कडीला कडी जोडतं सिस-प्रेनिलट्रान्सफरेज हे एन्झाइम. त्याला एक जोडीदार प्रथिनही लागतं. अशीच जोडी माणसाच्या पेशीत आहे, पण ती विसेक कड्यांवर थांबते आणि डोलिकॉल नावाचा रेणू तयार होतो. हेविआत हीच साखळी दहा-पंधरा हजार कड्यांपर्यंत सहज जाते!

मग फरक कुठे पडतो? बराचसा जागेत. हेविआच्या चिकात रबराचे सूक्ष्म कण तरंगतात. भोवती एकपदरी पापुद्रा, आत पाण्याला थारा न देणारा गाभा. पाण्याशी न जमणारी साखळी त्या गाभ्यात निवांत वाढत राहते. 2016 मध्ये जपानी संशोधकांनी हेविआचं हेच कड्या जोडणारं एन्झाइम गव्हाच्या अंकुराच्या अर्कात घडवलं आणि धुऊन घेतलेल्या रबरकणांवर बसवलं. परीक्षानळीत खरंखुरं लांब रबर तयार झालं. मला या सगळ्या गोष्टीतला हा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो.

त्याच वर्षी चिनी शास्त्रज्ञांनी हेविआचा जनुकसंच वाचला. कणांच्या पापुद्र्यावरच्या आरईएफ आणि एसआरपीपी या प्रथिनांच्या घराण्यात 18 जनुकं निघाली. रबरी हातमोज्यांनी काहींच्या अंगावर पुरळ उठतं, त्यात याच दोन प्रथिनांचाही हात असतो.

मेक्सिकोच्या वाळवंटातलं ग्वायुले हे झुडूप आपल्या गाजर गवताचं सख्खं चुलत भावंड, दोघंही पार्थेनियम! पण त्याला चिकाच्या नळ्या नाहीत. रबर सालीतल्या साध्या पेशींत साठतं, म्हणून अख्खं झुडूप चिरडावं लागतं. लेटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांना हे रबर सहसा चालतं.

चिकूच्या झाडाच्या चिकात तर सरळ आणि वाकड्या, दोन्ही घडणींच्या साखळ्या एकत्र नांदतात. मूळ च्युइंगगम याच चिकाचं. नुसती सरळ घडण असली की गट्टापर्चा होतो. तो थंडपणी कडक राहतो, म्हणून एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारांवर तो चढवला गेला.

आणि आपल्याकडची बातमी: जून 2021 मध्ये गुवाहाटीजवळ सरुतारीच्या शेतात रबर बोर्डाने जनुकबदल केलेली रबराची रोपं लावली. त्यांत घातलेलं जनुक परकं नाही, रबराचंच आहे, फक्त त्याच्या जादा प्रती दिल्या आहेत. त्यातून बनणारं एमएन-एसओडी हे एन्झाइम ताणाच्या काळात पेशींना जपतं. ईशान्येकडच्या थंडीत कोवळ्या रोपांची वाढ खुंटते, ती चालू राहावी यासाठी हा खटाटोप.