इस्त्रीची घडी आणि काच-संक्रमण

अमरावती-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तरी त्या कोरड्या उन्हाने सुती सदऱ्याची घडी मोडत नाही. श्रावणातल्या दमट हवेत ती लवकर मोडते. कापसातल्या सेल्युलोजच्या लांब साखळ्या एकमेकींना धरून असतात. पाणी मध्ये शिरले की पकड सुटते. म्हणून तर आपण पाणी शिंपडून इस्त्री फिरवतो: साखळ्या सरकतात, पाणी उडून जाते, नव्या जागी त्या थिजतात. काचेसारखे ताठ पॉलिमर ज्या तापमानाला सैलावते, ते त्याचे काच-संक्रमण तापमान. कोरड्या कापसाचे ते २०० अंशांच्याही वर मानतात. ओल ते खाली आणते.

ओलीवाचूनही ते उतरते. १९९४ साली केडी, जोन्स आणि कोरी यांनी सिलिकॉनवर पॉलिस्टायरिनचे अतिशय पातळ थर दिले. एरवी सुमारे १०० अंशांना सैलावणारे हे पॉलिमर १० नॅनोमीटरच्या थरात पंचवीसेक अंश आधीच सैलावले. वरच्या मोकळ्या पृष्ठभागावर साखळ्यांना अडवायला शेजारच नसतो, हे कारण मला सर्वांत पटते. वाद मात्र मिटलेला नाही. खालचा पृष्ठभाग साखळ्यांना घट्ट धरणारा असेल, तर उलट तापमान चढते. नॅनोसंमिश्रात सिलिकाचे सूक्ष्म कण मिसळले की असे असंख्य पृष्ठभाग पॉलिमरच्या पोटातच तयार होतात. ते साखळ्यांना धरतात की मोकळे सोडतात, यावर पॉलिमर आधी सैलावणार की उशिरा, हे ठरते.