रविवारची पाच मिनिटं

तुमच्या गावात एखादी बातमी कशी पसरते? कुणी म्हणेल, टीव्हीवर कळतं. कुणी म्हणेल, बाबांच्या मोबाईलवर येतं. पण उद्या नळाला पाणी येणार नाही, शेजारच्या आळीतले आजोबा दवाखान्यात आहेत, वर्गातल्या मैत्रिणीच्या ताईचं लग्न ठरलं, ह्या बातम्या टीव्हीवर कुठं येतात? त्या घरोघर पोहोचवायला प्रत्येक गावाची आपली अशी एक सोय असते. कुठं दवंडी असायची, कुठं देवळापुढचा पार, कुठं ग्रामपंचायतीचा फळा. आज तुम्हाला अशाच एका सोयीची ओळख करून देते. ती आहे वसईच्या चर्चमधली.

वसई म्हटलं की सहलीला गेलेल्या मुलांना किल्ला आठवतो. पण किल्ल्याच्या बाहेर पडून केळीच्या बागांमधल्या अरुंद रस्त्यांनी पुढं गेलात, तर दर एकदोन गावांनंतर एक चर्च दिसेल. पापडी, सांडोर, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी... हा मुलूख १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं पोर्तुगिजांकडे होता. तेव्हापासून इथं कॅथलिक ख्रिस्ती वस्ती आहे. आणि गंमत म्हणजे ह्या माणसांची भाषा मराठीच! घरात कुणी कादोडी बोलतं, कुणी वाडवळी, कुणी कोळ्यांची बोली. चर्चमध्ये मात्र तुमच्या पाठ्यपुस्तकातली मराठी.

एका चर्चला जोडलेली जेवढी घरं असतील, त्या सगळ्यांचा मिळून एक 'धर्मग्राम' होतो. पुष्कळ धर्मग्राम मिळून 'धर्मप्रांत'. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे. त्यांनी डॉक्टरेटसाठी अभ्यास कुणाचा केला असेल? आपल्या संत तुकारामांचा!

तर ह्या धर्मग्रामात रविवारी सकाळी मिस्सा असते. मिस्सा म्हणजे सामुदायिक उपासना. ती संपत आली की शेवटच्या आशीर्वादाआधी सगळे खाली बसतात आणि कुणीतरी हातात कागद घेऊन पुढं येतं. मग सुरू होतात सूचना. पाचच मिनिटं, पण त्या पाच मिनिटांत सगळं गाव मावतं बरं का!

कुठल्या सूचना असतात? ऐका. ह्या आठवड्यात कुणाकुणाच्या आठवणीसाठी मिस्सा होणार, त्या मृतांची नावं. धर्मशिक्षणाचे वर्ग किती वाजता, आणि पहिल्यांदा ख्रिस्तशरीर घेणाऱ्या मुलांच्या पालकांची सभा कधी. वाचनालयाची पुस्तकं परत करा. तरुणांनी फावडी-टोपल्या घेऊन यावं, तळं साफ करायचं आहे. एखाद्या आजाऱ्याला रक्त हवं आहे. आणि अधूनमधून हमखास येणारी एक सूचना: मिस्सा चालू असताना मोबाईल बंद ठेवा!

सगळ्यांत कान टवकारले जातात ते लग्नाच्या सूचनेला. ज्यांचं लग्न ठरलंय त्यांची नावं, आईवडिलांची नावं, गाव, हे सगळं लग्नाआधी जाहीर वाचून दाखवतात. एकदा नाही, रीतीप्रमाणं तीन रविवार. का? तर ह्या लग्नाला काही अडचण आहे असं कुणाला माहीत असेल, तर त्यानं वेळेवर फादरना सांगावं म्हणून. नवऱ्या मुलाचं आधीच कुठं लग्न झालेलं असलं तर? मुलीवर जबरदस्ती होत असली तर? जुन्या काळी ना फोन, ना सरकारी नोंदी. तेव्हा सगळ्या गावाच्या कानांवर घालणं हीच तपासणी होती. आजही ती चालू आहे. आपली नावं माईकवरून ऐकताना ती दोघं कशी लाजत असतील, विचार करा!

आता तुम्ही म्हणाल, बाई, कागदावर लिहून भिंतीला लावलं की झालं की. तसा फलकही असतो चर्चच्या दाराशी. मोबाईलवरच्या गटांतही सूचना येतात. पण फलक वाचायला डोळे चांगले लागतात, आणि मोबाईल काही सगळ्या आज्यांकडे नसतो. मोठ्यानं वाचलेली सूचना मात्र आजीच्या आणि नातवाच्या कानांवर एकाच वेळी पडते. दोघांना ती कळली आहे हे दोघांनाही माहीत असतं. फोनवर आलेली सूचना 'मी पाहिलीच नाही' म्हणून टाळता येते. ही नाही टाळता येत.

कागदाच्याही आधीची सोय म्हणजे घंटा. सकाळी, दुपारी बाराला आणि संध्याकाळी प्रार्थनेची घंटा वाजते. हातात घड्याळ नव्हतं तेव्हा शेतातला माणूस तिच्यावरूनच जेवणाची वेळ ओळखायचा. सणाला ती जोरात, भराभर वाजते. कुणी गेलं की एकेक ठोका, मध्ये बराच वेळ थांबून. कामात असलेली माणसं हात थांबवतात. आज कोण गेलं? वर्षातून एकदा मात्र ही घंटा मुकी होते. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारच्या संध्याकाळच्या उपासनेत ती वाजते, आणि मग थेट ईस्टरच्या रात्रीच्या उपासनेपर्यंत गप्प. तेवढ्या दिवसांत तिच्याऐवजी लाकडी खटखट्या वापरायची पद्धत आहे. घंटा वाजली नाही, हीसुद्धा एक बातमीच नाही का?

घंटेवरून इतिहासातली एक गोष्ट सांगते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. तेव्हा किल्ल्यातल्या आणि आसपासच्या चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी नेल्या आणि त्या निरनिराळ्या देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराचं देऊळ आहे. तिथल्या प्रसिद्ध घंटेवर १७२१ हे साल कोरलेलं आहे. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर एक घंटा आहे. तिच्यावर साल आहे १७०७, आणि बाळ येशूला घेतलेल्या मरियेचं चित्रही! सहलीला गेलात तर वर बघायला विसरू नका. वसईच्या कारभाऱ्यांनी जिच्यावरून वेळ ओळखली असेल, ती घंटा आज घाटावर टांगलेली आहे.

बरं, आता पुढच्या कार्यक्रमांकडे वळू. चर्चचं वर्षही आपल्या पंचांगासारखं भरगच्च असतं. काही दिवसांची तारीख पक्की असते. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस. २ नोव्हेंबरला मृतांची आठवण, म्हणून त्याआधी 'आपापल्या माणसांच्या कबरी स्वच्छ करा' अशी सूचना येते आणि त्या संध्याकाळी दफनभूमी फुलांनी नि मेणबत्त्यांनी भरून जाते. नाताळ २५ डिसेंबरला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण नाताळची खरी धांदल चार रविवार आधीच सुरू होते. दर रविवारी एक याप्रमाणं चार मेणबत्त्या लावतात. गाणी बसवायची, तारे करायचे, आणि आळीतल्या मुलांनी मिळून गोठा करायचा. ह्या गोठ्याची सुरुवात इटलीतल्या ग्रेच्चो गावी झाली. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ मध्ये तिथं नाताळचा देखावा उभा केला होता. आपण दिवाळीत किल्ला करतो ना, तशीच मजा. माती, पेंढा, आरशाचं तळं आणि 'माझी मेंढी पुढं ठेव' म्हणून होणारं भांडण!

ईस्टरची तारीख मात्र दरवर्षी बदलते, आणि ती काढायची रीत मला फार आवडते. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. पाहा, चंद्र आलाच की नाही? (ही पौर्णिमा चर्चच्या ठरावीक कोष्टकातून काढतात, त्यामुळे आकाशातल्या चंद्राशी क्वचित एखाद्या दिवसाचा फरक पडतो.) म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीही येऊ शकतो. २०२६ मध्ये ५ एप्रिलला, २०२७ मध्ये २८ मार्चला. त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार. त्या दिवशी कपाळाला राख लावतात आणि उपवासकाळ सुरू होतो. लोक म्हणतात चाळीस दिवसांचा उपवास, मग ४६ कसे? मधले सहा रविवार मोजत नाहीत! वजाबाकी करून बघा, २०२७ चा राखेचा बुधवार कधी येतो ते. आणि ही राख येते कुठून? ईस्टरच्या आदल्या रविवारी माणसं झावळ्या घेऊन चर्चला जातात. त्या वर्षभर घरात क्रूसाशी जपून ठेवतात. पुढच्या राखेच्या बुधवाराआधी सूचना येते, 'घरातल्या जुन्या झावळ्या आणून द्याव्यात.' त्याच जाळून राख करतात.

आणखी एक तारीख लिहून ठेवा, ६ फेब्रुवारी. संत गोन्सालो गार्सियांचा सण. गास गावचं चर्च त्यांच्याच नावाचं आहे. हे अस्सल वसईकर! साधारण १५५७ च्या सुमाराला वसईत जन्मले. लहान वयातच धर्मगुरूंबरोबर जपानला गेले आणि तिथली भाषा शिकले. पुढं काही वर्षं व्यापार केला, मग फिलिपिन्समध्ये मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. संघाचे लोक जपानला निघाले तेव्हा दुभाषा म्हणून गार्सियाच बरोबर होते. कारण जपानी येत होती त्यांना! ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी इथं ख्रिस्ती धर्म सोडत नाहीत म्हणून २६ जणांना क्रूसावर मारलं. त्यांत वसईचा हा मुलगा होता. १८६२ मध्ये पोपनी त्यांना संत म्हणून जाहीर केलं. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत.

आता भाषेबद्दल एक सांगायचं आहे, आणि ते मोठ्यांनीही वाचावं. १९६० च्या दशकापर्यंत मिस्सा लॅटिन भाषेत व्हायची. आजीला त्यातलं किती कळत असेल? १९६२ ते १९६५ या काळात रोमला चर्चची मोठी परिषद झाली. तीत लोकांच्या भाषेला मोकळी वाट मिळाली आणि वसईत मिस्सा मराठीत होऊ लागली. 'सुवार्ता' हे मराठी मासिकही घरोघर जात असे. १९८३ ते २००७ त्याचे संपादक होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वसईची हिरवाई वाचवण्याच्या चळवळीतही ते पुढं होते. २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष तेच. ह्या पदावर बसलेले ते पहिलेच ख्रिस्ती धर्मगुरू. जुलै २०२४ मध्ये ते गेले.

मग आता अडचण काय? अडचण अशी, की इंग्रजी शाळेत जाणारी पुष्कळ मुलं मराठी बोलतात फर्डी, पण कागद हातात दिला की अडखळतात. चर्चमध्ये बायबलचे उतारे आणि सूचना वाचायला मुलांनाही पुढं बोलावतात. 'प्रायश्चित्त' हा शब्द आला की गाडी रुळावरून घसरते! मग कुणी तो इंग्रजी अक्षरांत लिहून घेतो. मला हे पटत नाही. मी शिक्षिका आहे, त्यामुळे थोडी हट्टी असणारच. पण सातशे माणसांसमोर उभं राहून, कुणाच्या आजोबांचं नाव न चुकता, सावकाश, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं वाचणं, ह्याहून चांगला वाचनाचा तास मी तरी वर्गात घेऊ शकत नाही. पालकांनो, मूल कुठल्याही माध्यमात असू द्या. आठवड्यातून दोनदा त्याच्याकडून मराठी मोठ्यानं वाचून घ्या. मनातल्या मनात नको. जोडाक्षर अडलं तर लगेच सांगून टाकू नका, त्याला फोडू द्या: प्रा, यश्, चित्, त.

तुमच्या गावात चर्च नसेल तरी हरकत नाही. एक वही घ्या आणि ह्या रविवारी आपल्या आळीच्या पाच सूचना लिहून काढा. कुणाकडे काय आहे, कुणाला काय हवंय, पुढच्या आठवड्यात कुठं जमायचंय. प्रत्येक सूचना दोन ओळींची. तारीख, वार, वेळ आणि जागा सुटता कामा नये. मग सगळ्यांना जमवून त्या वाचून दाखवा. नवी सूचना तुम्हाला कळेल ती बहुतेक वाचून झाल्यावरच. कोपऱ्यातली एखादी आजी हाक मारेल, 'अरे, माझंही एक लिहून घे.'