टाकाऊतून देखावा : काडेपेटीच्या काडीएवढा माणूस, तर सोलापूर केवढं?

शाळेत ‘टाकाऊपासून टिकाऊ’ प्रकल्प जाहीर झाला की संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात पालकांची गर्दी होते. थर्माकोलची शीट, चकाकी, तयार झाडं, प्लास्टिकची छोटी माणसं. प्रकल्प टाकाऊचा, साहित्य मात्र नवं कोरं! विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्या घरात हा खर्च त्या आठवड्याच्या हिशेबात जाणवतो. शिवाय रात्री जागून देखावा बनवतात आई-बाबा आणि मार्क मिळतात मुलाला.

हाच देखावा शिक्षकांनी वर्गात, मुलांकडून आणि खरोखरच्या टाकाऊ वस्तूंतून करून घेतला तर काय होतं? समजून घेऊ.

देखावा शाळेत कशासाठी?

दिवाळीत विटा, माती आणि पोत्यांचा किल्ला करणाऱ्या मुलांना देखावा नवा नाही. जगभर यालाच ‘डायोरामा’ म्हणतात. हा शब्द रूढ झाला तो 1822 मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेल्या प्रकाशचित्रांच्या एका खेळामुळे. छायाचित्रणाच्या इतिहासात गाजलेले लुई दागेर हे त्याच्या दोन निर्मात्यांपैकी एक. पुढे संग्रहालयांनी प्राणी आणि त्यांचं रान दाखवायला ही पद्धत उचलली.

वर्गात तिचा उपयोग वेगळा आहे. देखावा करायचा तर मूळ जागा नीट बघावी लागते. दाराची उंची किती, जिना कुठून वळतो, पाण्याची टाकी कुठे आहे, हे पाहिल्याशिवाय पुठ्ठा कापताच येत नाही.

ही पद्धत कोणी दाखवली?

टाकाऊ वस्तूंतून शिकवण्याचं महाराष्ट्रातलं सर्वांत ओळखीचं नाव म्हणजे अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरमधून 1975 मध्ये इंजिनीअर झालेले गुप्ता पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. 1978 मध्ये ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यातल्या शाळांमध्ये प्रयोगशाळा नव्हत्या, पण काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब बाजारात मिळत होती. ट्यूबच्या छोट्या तुकड्यात काड्यांची टोकं खोचून त्यांनी आकृत्या जोडायची पद्धत तयार केली.

त्यात खरं शिक्षण असं : चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की वाकतो, तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. लोखंडी पूल आणि गोदामांच्या छपरांत त्रिकोण का दिसतात, हे चौथीतल्या मुलालाही फळ्याशिवाय कळतं. पुढे गुप्ता यांनी पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं काम केलं. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी आणि पुस्तकं मराठीतही इंटरनेटवर मोफत आहेत.

प्रमाण कसं ठरवायचं?

शाळेतले बहुतेक देखावे इथेच फसतात. माणूस घराएवढा आणि बस सायकलएवढी होते. सोपा उपाय म्हणजे आधी माणूस ठरवा, मग बाकीचं.

काडेपेटीची काडी साधारण 4 सेंटिमीटर असते. ती 160 सेंटिमीटर उंचीचा माणूस मानली, तर प्रमाण झालं 1:40. आता प्रत्येक मापाला 40 ने भागायचं.

- 2 मीटरचं दार : 5 सेंटिमीटर
- 6 मीटर उंचीचं दुमजली घर : 15 सेंटिमीटर
- 11 मीटरची एसटी : साडेसत्तावीस सेंटिमीटर
- नान्नजच्या माळावरचा मीटरभर उंचीचा माळढोक : अडीच सेंटिमीटर

उलटाही हिशेब करून बघा. रिकामी काडेपेटी उभी केली की ती दोन मीटर उंचीचं कपाट होते. तीन सेंटिमीटरचं बाटलीचं झाकण म्हणजे 1.2 मीटरचा, झाडाभोवतीचा छोटा पार.

आता गिरणीची 60 मीटरची चिमणी घ्या. 1:40 मध्ये ती दीड मीटर होईल, म्हणजे पाचवीतल्या मुलाच्या खांद्याच्याही वर. म्हणून मोठ्या जागेसाठी 1:200 घ्यावं. चिमणी 30 सेंटिमीटरवर येते आणि माणूस तांदळाच्या दाण्याएवढा होतो.

पाण्याच्या टाकीचं काय?

हा प्रश्न सातवी-आठवीच्या वर्गात जरूर विचारावा. गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे. 1:40 च्या देखाव्यात तिच्यात किती पाणी मावेल? बरीच मुलं 1000 ला 40 ने भागून ‘25 लिटर’ सांगतील. पण लांबी, रुंदी आणि उंची, तिन्ही 40 पटीने कमी झाल्या आहेत. म्हणून भागायचं 64,000 ने. उत्तर साधारण साडेपंधरा मिलिलिटर, म्हणजे जेमतेम तीन चमचे!

ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथल्या मुलांनी आपल्या गल्लीचा देखावा केला तर दारादारात पिंपं आणि गच्चीवर टाक्या येणारच. कोणाच्या घरी किती साठवण आहे, याची मोजणी मग आपोआप वर्गात येते.

सोलापुरात कोणतं टाकाऊ साहित्य मिळेल?

- सुताचे रिकामे कोन : चिमणी, मिनार, बुरूज
- चादरी-टॉवेलच्या कडांची चिंधी : गवत, शेत, बाजारातली पालं
- कुरिअरचे पुठ्ठे : भिंती, किल्ल्याची तटबंदी
- जुनी वर्तमानपत्रं आणि खळ : कागदाच्या लगद्याचा डोंगर
- नारळाची शेंडी, वाळक्या काटक्या : झाडं
- औषधाच्या गोळ्यांची चकाकती पट्टी : पत्र्याचं छप्पर

विषयही दारात आहेत. तलावाने वेढलेलं सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला, गड्ड्याची यात्रा, हुतात्मा चौक. आणि यंत्रमागाचा कारखाना निवडला, तर ज्या मुलाच्या घरी माग आहे तो त्या दिवशी वर्गाचा शिक्षक होतो. धोटा कुठून कुठे जातो, हे त्याला रोज बघून माहीत असतं. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलासाठी ही छोटी गोष्ट नाही.

काय वापरू नये?

सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून आणि देशभरात 1 जुलै 2022 पासून बंदी आहे. फुटक्या ट्यूबलाइट, जुने सेल, सुया आणि सिरिंज मुलांच्या हाती देऊ नयेत. काड्यांचा गुल आधी मोठ्यांनी काढून टाकावा. कटर शिक्षकांच्याच हातात राहू द्यावा.

वेळ आणि मार्क कसे द्यायचे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यात दहा दिवस दप्तराविना शिकण्याची शिफारस आहे. त्यातले तीन-चार दिवस पुरतात. पहिला दिवस फक्त मोजण्याचा. टेप नसेल तर दोरी आणि पावलं. दुसरा दिवस कागदावर आराखड्याचा. कापणं-चिकटवणं त्यानंतर.

मार्क देताना चकचकीतपणा बाजूला ठेवून मुलांना तीन प्रश्न विचारता येतील. हे प्रमाण का निवडलं? ही वस्तू आधी काय होती? मूळ जागेतलं काय सोडून दिलं आणि का? देखावा घरच्यांनी केला असेल, तर पहिल्याच प्रश्नाला मूल अडखळेल. स्वतः केला असेल, तर त्याला थांबवावं लागेल.