दगडावरचा निळा पोपट

पोपटाला सांगून बघा बरं, ‘जरा गप्प बस, तुझं चित्र काढायचंय.’ ऐकेल? छे! मान वाकडी करेल, फांदीला उलटा लटकेल, नाहीतर तुमची पेन्सिलच कुरतडेल. म्हणून पूर्वीचे बरेच चित्रकार पेंढा भरलेला मेलेला पक्षी समोर ठेवायचे. तो हलायचा नाही हे खरं, पण चित्रातही मेल्यासारखाच दिसायचा!

एडवर्ड लियर या चित्रकारानं मात्र जिवंत पोपटच काढायचे ठरवलं. साल 1830, वय अवघं अठरा. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात बसून चित्रं काढायची त्यानं परवानगी मिळवली. रखवालदार पोपटाला धरून ठेवायचा आणि लियर त्याचे पंख, पाय मोजून घ्यायचा. भोवती बघ्यांची ही गर्दी! लियरही काही कमी नव्हता. त्यानं कागदाच्या कडेला त्या बघ्यांचीच चित्रं काढून ठेवली.

खरी गंमत पुढेच. हे चित्र छापायचं कसं? दगडावरून! चुनखडीच्या गुळगुळीत लादीवर तो तेलकट खडूनं पोपट काढायचा, तोही आरशात दिसतो तसा उलटा. मग लादी ओली करायची. तेलकट रेघेवर पाणी काही ठरत नाही. वरून तेलकट शाईचा रूळ फिरवला, की शाई फक्त रेघांना धरते, ओल्या दगडाला नाही. आता कागद ठेवून दाबा, झाला पोपट तयार. आपल्याकडे याला शिळाछाप म्हणत. गणपत कृष्णाजींनी 1841 साली मुंबईत मराठी पंचांग छापलं, ते याच पद्धतीनं.

पण हा पोपट नुसता काळा! रंग भरायचे हातानं, एकेका प्रतीवर. डोळ्यांना, पिसांना चकाकी यावी म्हणून अंड्यातलं पांढरंही लावत. आणि 175 प्रती निघाल्या, की लियर दगडावरचं चित्र चक्क पुसून टाकायचा. जास्त छापल्या तर गिऱ्हाइकांना त्याचं अप्रूप काय राहणार? पटतं, तरी पुसताना त्याचा हात धरावासा वाटतो.

दोन वर्षांत अशी 42 चित्रं झाली. त्यात एक होता निळाशार मकाव, म्हणजे पोपटाचाच एक प्रकार. लियरनं त्याला हायासिंथ मकाव समजून तेच नाव छापलं. पुढे 1856 मध्ये बोनापार्ट नावाच्या पक्षीतज्ज्ञानं (हो, नेपोलियनचा पुतण्याच!) दाखवून दिलं, की हा पक्षी वेगळा आहे. हायासिंथ याच्याहून मोठा. शिवाय याच्या चोचीच्या मुळाशी पिवळा, तिकोनी डाग असतो. लियरनं जसं दिसलं तसंच काढलं होतं, म्हणून नाव चुकलं तरी चित्र बरोबर निघालं. बोनापार्टनं पक्ष्याला नाव दिलं लियरचंच.

बरं, हा लियरचा मकाव राहतो कुठे? पिंजऱ्यातला पक्षी अधूनमधून दिसे, पण त्याचं रान कुणालाच सापडेना. शेवटी 1978 साली हेल्मुट सिक या पक्षीतज्ज्ञानं ब्राझीलच्या बाहिया राज्यात त्याला गाठलं. तिथल्या कोरड्या, काटेरी मुलखात वालुकाश्माचे उंच कडे आहेत. त्यांच्या कपारींत हे मकाव घरटी करतात आणि लिकुरी नावाच्या पामची टणक फळं चोचीनं कडाकड फोडून खातात.