बीज, भूमी आणि निधी

स्तनाच्या किंवा प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाने दगावणारा रुग्ण मूळ गाठीमुळे क्वचितच दगावतो. त्याचा घात करतात त्या गाठीतून निघून दूरच्या अवयवांत वस्तीला गेलेल्या पेशी. या दोन्ही कर्करोगांचा ओढा विशेषतः हाडांकडे असतो. मणके, कटीची हाडे, बरगड्या, मांडीचे हाड येथे त्या पेशी ठाण मांडतात. मग रात्रीची झोप हिरावणारी वेदना, किरकोळ हालचालीने होणारा अस्थिभंग आणि मज्जारज्जूवर दाब आल्यास पायांतील बळ जाणे, अशी दुःखाची मालिका सुरू होते. आपल्यापैकी बहुतेकांनी हे चित्र पाहिले आहे. पण कर्करोग हाडांतच का जातो, हे शोधण्यासाठी समाज किती पैसा खर्च करतो, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

हा प्रश्न नवा नव्हे. १८८९ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने स्तनकर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि रोगाचा प्रसार योगायोगाने होत नाही, असे ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. बीज सर्व दिशांना उडते, परंतु अनुकूल भूमीतच रुजते, हा त्याचा सिद्धान्त. पुढे १९२८ मध्ये जेम्स युइंग याने हे सारे रक्तप्रवाहाच्या मार्गावर अवलंबून असते, असे प्रतिपादन केले आणि पॅजेटचा विचार कित्येक दशके मागे पडला. १९८० मध्ये हार्ट आणि फिडलर यांनी उंदरांवरील प्रयोगांतून त्याला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. एका कल्पनेला ९० वर्षे वाट पाहावी लागली.

त्यानंतर मात्र भूमीचा अभ्यास फळाला आला. १९८७ मध्ये मेलबर्न येथील जॉन मार्टिन यांच्या गटाने पॅराथायरॉइड संप्रेरकासारखे एक प्रथिन कर्कपेशींतून वेगळे केले. हे प्रथिन अस्थिजनक पेशींना ‘रँक लिगँड’ हा रेणू निर्माण करण्यास उद्युक्त करते. त्यामुळे अस्थिभक्षक पेशी वाढतात, हाड झिजते आणि त्यात साठवलेली वृद्धिद्रव्ये मोकळी होऊन कर्कपेशींचेच पोषण करतात. हे दुष्टचक्र उलगडल्यामुळे झोलेड्रोनिक आम्लाच्या उपयोगाला शास्त्रीय आधार मिळाला आणि २०१० मध्ये डेनोसुमॅब हे औषध या कामासाठी अमेरिकेत मान्य झाले. या औषधांनी अस्थिभंग कमी झाले. परंतु एकदा हाडांत रुजलेला रोग त्यांनी बरा होत नाही, हेही तितकेच खरे आहे.

आता निधीकडे वळू. ‘मेटास्टॅटिक ब्रेस्ट कॅन्सर अलायन्स’ या संस्थासमूहाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, उत्तर अमेरिका व ब्रिटन येथील प्रमुख शासकीय व धर्मादाय संस्थांनी २००० ते २०१३ या काळात स्तनकर्करोगाच्या संशोधनासाठी सुमारे १५ अब्ज डॉलर दिले. त्यांतील केवळ ७ टक्के रक्कम पसरलेल्या रोगाच्या वाट्याला आली. मृत्यू ज्या अवस्थेत होतात, तीच अवस्था निधीच्या यादीत तळाशी!

यामागे कारणे आहेत. हाडातील गाठीचा नमुना मिळवणे कष्टाचे असते. उंदराच्या शरीरात मानवी रोगाची हुबेहूब प्रतिकृती उभी राहत नाही. आणि मुख्य अडचण काळाची: संशोधनाचे अनुदान बहुधा तीन ते पाच वर्षांचे, तर मज्जेत सुप्त राहिलेली कर्कपेशी कधी दहा-पंधरा वर्षांनी जागी होते. दात्यालाही लवकर निदान किंवा संपूर्ण बरे होणे यांची भाषा अधिक रुचते. ज्याचा रोग आधीच पसरला आहे, त्याच्या बाजूने बोलणारे थोडे असतात.

औषध कंपन्यांवर हा भार टाकून भागणार नाही. २०१५ मध्ये १८ हजारांहून अधिक स्त्रियांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. रजोनिवृत्त स्त्रियांना सुरुवातीच्या उपचारांबरोबरच बिस्फॉस्फोनेट दिल्यास हाडांत रोग उद्भवण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी व स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे १८ टक्क्यांनी घटतात, असे त्यात दिसले. ही औषधे आज पेटंटमुक्त व स्वस्त आहेत. त्यांच्यावरील पुढील प्रयोगांत कोणाचाही नफा नाही. लाभ केवळ रुग्णाचा असेल, तेथे सार्वजनिक निधीच कामी येतो.

भारतातही याचे उदाहरण आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २००५ ते २०१३ या काळात, आरंभीच रोग पसरलेल्या ३५० स्त्रियांचा अभ्यासात समावेश झाला. मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढत नाही, हे त्यातून दिसून आले. असा प्रश्न कोणत्याही कंपनीने विचारला नसता. तो सार्वजनिक संस्थेने विचारला आणि त्याचे उत्तर जगभर उपयोगी पडले.

लहान शहरांतील आपण प्रयोगशाळा उभारू शकत नाही. परंतु कर्करोगाचा पूर्वेतिहास असलेल्या व्यक्तीची पाठदुखी केवळ वयाच्या माथी न मारता वेळेवर तपासणे, उपचारांनंतरही दीर्घकाळ नोंदी ठेवणे, रुग्णांना अभ्यासांत सहभागी होण्यास मदत करणे आणि वैद्यकीय संघटनांतर्फे अशा संशोधनासाठी आग्रह धरणे, एवढे आपल्या हाती निश्चित आहे. पॅजेटची सामग्री तरी काय होती? कोणीतरी निष्ठेने लिहून ठेवलेल्या ७३५ नोंदी.